कारागिरांचा वैद्य

राजेरजवाड्यांच्या व्याधींवर उपचार करून कीर्ती मिळविणारे वैद्य सर्व देशांत आणि सर्व काळांत होऊन गेले. परंतु ज्यांच्या कष्टांवर नगरे उभी राहतात त्या कुंभाराच्या चाकापाशी, लोहाराच्या भट्टीपाशी आणि तांबटाच्या ऐरणीपाशी जाऊन, त्यांच्या रोगाचे मूळ त्यांच्या कामातच तर नाही ना, याचा शोध घेणारा वैद्य विरळाच. इटली देशातील बेर्नार्दीनो रामात्सीनी हा असा एक विरळा पुरुष होता. सततच्या गोंगाटाने मनुष्याचे कान कसे निकामी होतात, हे ज्यांनी आरंभीच्या काळात ग्रंथात स्पष्टपणे लिहून ठेवले, त्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे.

रामात्सीनीचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील कार्पी या लहानशा गावी झाला. महाराष्ट्रात त्या वेळी शिवराय अवघे तीन वर्षांचे होते. इटली तेव्हा एकसंध राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या संस्थानांत तो देश विभागलेला होता आणि कार्पी हे गाव मोदेनाच्या राज्यात मोडत असे. गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर रामात्सीनी पार्मा येथील विद्यापीठात गेला. तेथे त्याने प्रथम तत्त्वज्ञानाचा व नंतर वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १६५९ साली पदवी संपादन केली. पुढे रोम शहरी काही काळ अनुभव घेऊन तो त्या प्रांतातील खेडेगावांत वैद्य म्हणून काम करू लागला. तो प्रदेश हिवतापाबद्दल कुप्रसिद्ध होता. रुग्णांचा ताप उतरविता उतरविता तरुण वैद्याला स्वतःलाच त्या तापाने गाठले. प्रकृती इतकी ढासळली की, त्याला काम सोडून आपल्या गावी परत यावे लागले.

हे आजारपण त्याला पुष्कळ काही शिकवून गेले. जेथे मनुष्य राहतो आणि राबतो, तेथील हवा, पाणी व परिस्थिती यांचा त्याच्या शरीराशी निकटचा संबंध असतो, ही गोष्ट त्याने केवळ पुस्तकांत वाचली नव्हती, अनुभवली होती. १६७१ साली तो मोदेना या राजधानीच्या शहरी येऊन राहिला. परगावाहून आलेल्या या वैद्याला तेथील प्रस्थापितांत स्थान मिळविणे सोपे गेले नाही. तथापि विद्वत्ता आणि चिकाटी यांच्या बळावर त्याने लौकिक मिळविला, आणि १६८२ साली मोदेनाच्या विद्यापीठात त्याची वैद्यकाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विहिरींना पाणी कोठून येते, कोणत्या वर्षी कोणती साथ आली व त्या वर्षी पाऊसपाणी कसे होते, अशा नाना विषयांवर त्याने निरीक्षणे करून लेखन केले. प्रत्यक्ष पाहिल्याविना मत द्यावयाचे नाही, हा त्याचा बाणा होता.

मोदेना येथे असतानाच एक प्रसंग घडला आणि त्याच्या विद्वत्तेला नवी दिशा मिळाली. त्याच्या घरातील शौचकूप साफ करण्यासाठी एक मजूर आला होता. त्या अंधाऱ्या, कोंदट खड्ड्यात तो मजूर अत्यंत घाईघाईने काम करीत होता. रामात्सीनीला त्याची दया आली. इतकी धडपड कशासाठी, जरा सावकाश काम केल्यास थकवा कमी येईल, असे त्याने त्याला सुचविले. त्यावर त्या मजुराने मान वर करून सांगितले की, या जागी चार तासांहून अधिक वेळ राहिल्यास डोळे जाण्याची पाळी येते, आणि ज्याने हे काम केले नाही त्याला याची कल्पना यावयाची नाही. मजूर वर आला तेव्हा रामात्सीनीने त्याचे डोळे बारकाईने पाहिले. ते लाल झाले होते व त्यांना अंधारी आली होती. या त्रासावर तुम्ही काय उपाय करता, असे विचारता, घरी जाऊन काळोख्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहावयाचे आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहावयाचे, एवढाच उपाय ठाऊक असल्याचे त्याने सांगितले. पुढे रामात्सीनीने चौकशी केली असता, हे काम करून आंधळे झालेले कित्येक जण शहरात भीक मागत असल्याचे त्याला आढळून आले.

दुसरा एखादा विद्वान ही गोष्ट विसरून गेला असता. रामात्सीनीच्या मनातून मात्र तो मजूर गेला नाही. ज्या कामामुळे शहर स्वच्छ राहते, त्याच कामामुळे ते करणाऱ्याची दृष्टी जावी आणि वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथांत त्याविषयी एक ओळही नसावी, हे त्याला लाजिरवाणे वाटले. त्याने निश्चय केला की, यापुढे कारखान्यांच्या व कामाच्या जागांची पायरी चढावयाची. कारागिराला कमी लेखण्याची त्या काळच्या पंडितांना सवय होती. रामात्सीनी मात्र कोंदट दुकानांत जाऊन बसू लागला, कामाची रीत पाहू लागला आणि कामकऱ्यांना प्रश्न विचारू लागला. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने आल्या आल्या नाडी पाहून लगबगीने निघून जाऊ नये, साध्या बाकावरही सोन्याच्या आसनावर बसल्याप्रमाणे स्वस्थ बसावे आणि रुग्णाची हकीकत ऐकून घ्यावी, असे त्याचे सांगणे होते.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याने रुग्णाला कोणते प्रश्न विचारावेत याचे नियम घालून दिले होते. त्यात रामात्सीनीने एका प्रश्नाची भर घातली. तो प्रश्न म्हणजे, रुग्ण कोणता व्यवसाय करतो हा होय. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु या एका प्रश्नाने वैद्याचे लक्ष रुग्णाच्या शय्येवरून त्याच्या कामाच्या जागेकडे वळले, आणि रोग बरा करण्याच्या आधी तो टाळता येईल काय, असा विचार सुरू झाला.

अनेक वर्षांच्या या परिश्रमाचे फळ म्हणजे १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झालेला कारागिरांच्या रोगांविषयीचा त्याचा लॅटिन ग्रंथ. याच वर्षी महाराष्ट्रात छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. या ग्रंथात चाळीसहून अधिक व्यवसायांची माहिती आहे. मडक्यांना झिलई देताना शिसे पोटात जाऊन हात कापू लागणारे कुंभार, आरशांना पारा लावताना विषबाधा होणारे कारागीर, दगडाची धूळ छातीत साठून खोकणारे पाथरवट, दिवसभर बसून लिहिल्याने हात अवघडणारे कारकून, अशा कितीतरी लोकांची दुखणी त्यात नोंदलेली आहेत. धोबिणी, सुइणी आणि शेतकरी यांनाही त्याने वगळले नाही. रात्रंदिवस पुस्तकांत डोके खुपसून बसणाऱ्या विद्वानांच्या आजारांचाही त्याने समाचार घेतला आहे.

रामात्सीनीच्या या निरीक्षणांत तांबटांविषयीचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. व्हेनिस शहरात तांबटांची एक स्वतंत्र वस्ती होती. तेथे सूर्योदयापासून तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडू लागत. तो ठणठणाट इतका भयंकर असे की, तांबटांवाचून दुसरा कोणी त्या वस्तीत घर करीत नसे. रामात्सीनीने पाहिले की, या कारागिरांना प्रथम कमी ऐकू येऊ लागते, आणि याच धंद्यात जो म्हातारा होतो तो पुरता बहिरा होऊन जातो. पाणचक्कीवर काम करणाऱ्यांनाही चाकांच्या, जात्यांच्या आणि कोसळत्या पाण्याच्या आवाजाने कमी ऐकू येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे बहिरेपण दैवाने किंवा केवळ वयाने आलेले नसून आवाजाच्या माऱ्याने आलेले आहे, हा त्याचा निष्कर्ष होता. तांबटांनी कानांत कापूस घालून काम करावे, असा उपायही त्याने सुचविला.

महाराष्ट्रातील वाचकाला व्हेनिसच्या त्या वस्तीचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी प्रसिद्ध आहे. हंडे, घागरी, पातेली आणि बंब घडविताना होणारा ठोक्यांचा नाद हीच अशा आळ्यांची ओळख होय. घरोघरी झळकणाऱ्या तांब्याच्या भांड्यावरील प्रत्येक ठोका कोणाच्या तरी कानावरही पडलेला असतो, याचा विचार ते भांडे वापरणारा क्वचितच करतो.

कानाच्या विकारांचे ज्ञान आपल्या देशात प्राचीन काळापासून होते. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितलेले असून त्यांत बाधिर्य म्हणजे बहिरेपण आणि कर्णनाद म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात नाद ऐकू येणे, या दोन्हींचा समावेश आहे. रामात्सीनीने अशा बहिरेपणाचा धागा मनुष्याच्या धंद्याशी जोडून दाखविला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी त्याला पादुआच्या सुविख्यात विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. गॅलिलिओने ज्या विद्यापीठात अठरा वर्षे अध्यापन केले होते, तेच हे विद्यापीठ. रामात्सीनीने त्या वेळी वयाची साठी केव्हाच ओलांडली होती. प्रकृती साथ देत नव्हती आणि दृष्टी मंद होत चालली होती. मजुरांच्या डोळ्यांची काळजी वाहणाऱ्या या वैद्याच्या डोळ्यांपुढे अखेरच्या वर्षांत जवळजवळ अंधार पसरला. त्याने निवृत्त होण्याची इच्छा व्यक्त केली, परंतु व्हेनिसच्या शासनाने त्याला सोडले नाही. त्याही स्थितीत तो विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला. १७१३ साली त्याने आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध केली आणि तीत आणखी बारा व्यवसायांची भर घातली. १७१४ च्या नोव्हेंबर महिन्यात, वयाच्या ८१ व्या वर्षी, विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देण्यासाठी निघाला असता त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच त्याचे देहावसान झाले.

रामात्सीनीच्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र बाल्यावस्थेत होते. त्यामुळे आवाजाने कानाचे नेमके काय बिघडते, हे त्याला उकलणे शक्य नव्हते. सततच्या आघाताने कानाचा पडदा सैल पडत असावा, अशी त्याची समजूत होती. खरी गोष्ट पुढील शास्त्रज्ञांनी शोधून काढली. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकल्या हाडांची साखळी असते. त्यांच्या आकारांवरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली आहेत. जणू प्रत्येकाच्या कानात एक लहानसे तांबटाचे दुकानच थाटलेले आहे! पडद्याची थरथर या साखळीतून आतल्या कानातील, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीपर्यंत पोहोचते. या नळीत द्रव असतो आणि त्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. १८५१ साली आल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञाने या भागाचे सूक्ष्म वर्णन प्रसिद्ध केले. ध्वनीच्या लहरी या नळीतून कशा प्रवास करतात, हे गेऑर्ग फोन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले आणि त्याबद्दल त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक कानात या केशपेशी सुमारे पंधरा हजार असतात. वाऱ्याने शेतातील पीक डुलावे तसे त्यांचे तंतू ध्वनीने डोलतात आणि ऐकलेल्या आवाजाची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. पीक वाऱ्याच्या झुळकीने पुन्हा उभे राहते, पण वादळात ते आडवे होते. केशपेशींचेही तसेच आहे. थोडा काळ मोठा आवाज ऐकल्यावर कानाला आलेला जडपणा काही तासांनी ओसरतो. परंतु तोच मारा दररोज होत राहिला तर पेशी मरू लागतात. शेतात पुढच्या हंगामी नवे पीक उभे राहते. मनुष्याच्या कानात मात्र मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

हे बहिरेपण चोरपावलांनी येते. त्यात दुखत नाही, खुपत नाही. प्रथम बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटू लागतात आणि समोरचा बोलतो हे कळते, पण काय बोलतो ते उमगत नाही. कित्येकांच्या कानात रात्रीच्या शांततेत रातकिड्यांसारखी किरकिर किंवा शिट्टीसारखा सूर वाजत राहतो. हाच कर्णनाद होय. तो बाहेरच्या कोणालाही ऐकू येत नसल्याने त्याचे दुःख दुसऱ्याला पटत नाही. मग असा मनुष्य चारचौघांत बसणे टाळतो. घरची माणसे त्याला विसरभोळा किंवा तिरसट समजतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्याला लोक हात देतात, पण कानांनी न ऐकणाऱ्याला हसतात, ही जगाची रीत फार जुनी आहे.

रामात्सीनीने लिहिले, परंतु ज्यांच्या हाती सत्ता आणि संपत्ती होती त्यांनी ते मनावर घेतले नाही. पुढे वाफेची यंत्रे आली, प्रचंड कारखाने उभे राहिले आणि गोंगाट शतपटीने वाढला. दारव्ह्यावरून जाणाऱ्या यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावर १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी धावत असे. अशा इंजिनांचे बॉयलर बनविणाऱ्या कारागिरांचे कान त्या काळी हमखास जात. लोखंडी पत्रे रिव्हेटांनी जोडताना एक जण बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट धरी आणि बाहेरून दुसरे त्यावर घण घालीत. १८८६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील टॉमस बार या कर्णवैद्याने अशा १०० कारागिरांची श्रवणशक्ती घड्याळाची टिकटिक ऐकवून तपासली. त्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. रामात्सीनीचा ग्रंथ आणि ही तपासणी यांच्यामध्ये १८६ वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात कारागिरांच्या किती पिढ्या बहिऱ्या झाल्या असतील, याची गणती कोणी केली नाही. बहिरेपण हा धंद्याचा भागच आहे, असे समजून मालक गप्प राहिले आणि कामगारांनी ते निमूटपणे सोसले.

विसाव्या शतकात चित्र हळूहळू पालटले. आवाज डेसिबल या एककात मोजता येऊ लागला. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलच्या आवाजात दररोज आठ तास काम करणाऱ्याच्या कानाला कालांतराने अपाय होण्याचा संभव असतो, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित काळ निम्म्यावर येतो, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. भारतातही गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाची कामाच्या जागी जडणाऱ्या रोगांत गणना झाली. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली करण्यात आले आणि त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून देण्यात आली.

तथापि नियम कागदावर असणे निराळे आणि कान सुरक्षित असणे निराळे. दारव्हा हे कापसाच्या मुलखातील गाव. या मुलखात कापसाचा हंगाम आला की गाड्या भरभरून कापूस जिनिंगमध्ये येतो. जिन फिरू लागले की सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते आणि त्या घरघराटात शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक असण्याचा संभव आहे, ही ओळखण्याची सोपी खूण होय. रामात्सीनीने तांबटांना कापसाचा उपाय सांगितला होता. ज्या गावी कापसाला तोटा नाही, तेथील कामकऱ्यांनी मात्र एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की, कापसाच्या नुसत्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. कानात नीट बसणारी बुचे किंवा कान पूर्ण झाकणारी आवरणे वापरणे, यंत्रांना वेळेवर तेलपाणी करून त्यांचा खडखडाट कमी करणे, आळीपाळीने विश्रांती घेणे आणि वर्षातून एकदा कान तपासून घेणे, हे खरे उपाय आहेत. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे तासन् तास नाचणाऱ्या तरुणांनाही हाच नियम लागू आहे, कारण आवाज कामाचा की आनंदाचा, हे केशपेशीला कळत नाही.

रामात्सीनीजवळ सैन्य नव्हते, संपत्ती नव्हती आणि आजच्यासारखी उपकरणेही नव्हती. एका मजुराला थांबवून त्याने प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर विद्वानांच्या उत्तराइतकेच मोलाचे मानले. त्या एका गोष्टीतून कामगारांच्या आरोग्याचे एक स्वतंत्र शास्त्र जन्माला आले. घरातील वडीलधारे माणूस हाकेला ओ देत नसेल, दूरदर्शन संचाचा आवाज फार मोठा करीत असेल, तर त्याच्यावर चिडण्यापूर्वी त्याने आयुष्यभर कोणते काम केले, हे विचारून पाहावे. गिरणीत, जिनिंगमध्ये किंवा लोहारशाळेत राबून ज्याने कुटुंब पोसले, त्याच्या कानांनी त्याची किंमत दिलेली असते. त्याच्यासमोर बसून, त्याला आपला चेहरा दिसेल असे सावकाश आणि स्पष्ट बोलणे, एवढे तरी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.